गॅस गळतोय, हे कसे ओळखाल?

नवी टाकी लावली की आम्ही कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवतो. कारकुनी सवय, दुसरे काय! १४.२ किलोची टाकी आमच्या घरी ५ आठवडे जाते. गेल्या थंडीत ती चौथ्या आठवड्यातच संपली. मुलांची आई म्हणाली, टाकी कमी भरलेली असणार. आम्हीही टाकी आणणाऱ्या पोराला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळे झालो. पुढची टाकी तोलून घेतली. वजन बरोबर भरले, तरी तीही लवकर संपत आली.

तेव्हा ओट्याजवळ जमिनीवर झोपणारी धाकटी म्हणाली, “पप्पा, रात्री खाली सडक्या कांद्यासारखा वास येतो.” आम्हाला उभ्याने कधी आला नव्हता, त्यात नाक चोंदलेले.

माता-भगिनींनो, या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. वास घ्यायचा तो खाली वाकून. (नव्या इमारतींतला पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो.) शिवाय वासाच्या खोलीत बराच वेळ बसले की नाक मरते. म्हणून बाहेरून आलेला माणूस “वास येतोय” म्हणाला, तर त्याला हसू नका.

आम्ही साबणाचा फेस करून नळीला लावला. शेगडी बंद, रेग्युलेटर चालू. शेगडीच्या तोंडाशी नळीला चीर होती, तिथे बुडबुडे आले. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचा आमचा कंटाळा, त्याचे हे फळ. काडी ओढून गळती शोधणारे शहाणे अजून आहेत, त्यांना हात जोडून विनंती, तसे करू नका.

उग्र वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, पेटती मेणबत्ती, अगरबत्ती विझवा, दारे-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा. दिव्याचे, पंख्याचे बटण चालू नको आणि बंदही नको. फ्रिजचा प्लगसुद्धा उपटू नका. ठिणगी दोन्हीकडून पडते. टाकीच्या तोंडातूनच फुसफुस येत असेल, तर रेग्युलेटर काढून दोरीचे प्लॅस्टिकचे झाकण घट्ट बसवा. आमचे झाकण मुलांच्या खेळण्यात सापडले! मग घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

पिवळी ज्योत आणि काळी पडणारी भांडी ही बहुधा बर्नर तुंबल्याची खूण, गळतीची नव्हे. पण तोही साफ करून घ्यावाच.

आत तारेची जाळी असलेली केशरी नळी ५ वर्षांनी बदलावी लागते. आमच्या नळीवर छापलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. नवी बसवली, तिची तारीख कॅलेंडरवर चढली. पुढच्या खेपेला टाकी घेऊन आलेल्या त्या पोराला चहा पाजला. का पाजला, ते मात्र सांगितले नाही.