पोथीच्या पाटावर 'श्यामची आई'

चवथीआधी घर झाडायला काढलं की आमच्या माळ्यावरून दरवर्षी काहीतरी खाली येतं. यंदा आली ती जुन्या पुस्तकांची पत्र्याची पेटी. वर 'चांदोबा'चे सुटे अंक, मध्ये कव्हर हरवलेला 'फास्टर फेणे' आणि अगदी तळाशी, वाळवीने एक कोपरा खाल्लेली 'श्यामची आई'. घरातल्या तरुण मंडळींनी एकमताने निकाल दिला : रद्दी! मी पेटी बल्कांवात ओढून घेतली आणि त्या दिवशीची साफसफाई माझ्यापुरती तिथेच संपली.

जुन्या पुस्तकांचा विषय निघाला की आपण लगेच 'गेले ते दिवस'चा सूर लावतो. मला तो लावायचा नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. ही पुस्तकं आपण जपतो ती चुकीच्या रीतीने. कपाटात मांडतो, वाढदिवसाला भेट देतो, "वाच, चांगले संस्कार होतील" असं सांगतो आणि मूल वाचत नाही म्हणून हळहळतो. अहो, संस्काराचं औषध म्हणून दिलेलं पुस्तक कुठलं मूल आपणहून तोंडाला लावील? ही पुस्तकं घरात चारचौघांत मोठ्याने वाचायची आहेत.

'श्यामची आई'ची बांधणीच पाहा. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली मंडळी गोळा होतात, श्याम सांगतो, बाकीचे ऐकतात. एका रात्री एक आठवण. 'चांदोबा'तला वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून गोष्टच सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. त्या प्रश्नाशी थांबून "सांगा, उत्तर काय?" असं विचारायला समोर कोणीतरी बसलेलं लागतं. भा. रा. भागवतांचा बन्या फेणे 'ट्टॉक्' करतो, तेही मनातल्या मनात वाचून कसं चालेल?

खरं तर गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. आमच्यासारख्या घरांत मराठी आली तीच मुळी कानांनी. बोलणं सगळं कोंकणीतलं. पण श्रावणात पाटावर श्रीधराचा 'हरिविजय' नाही तर 'पांडवप्रताप', देवळात कीर्तन, जत्रेला नाटक. वाचणारा एक आणि ऐकणारं अख्खं घर.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पुढे गावात सरकारी मराठी शाळा आली आणि घरातला पहिला शाळकरी वाचक मी ठरलो. पोथी संपली की आजी मला कंदिलापाशी बसवायची आणि शाळेतून आणलेलं पुस्तक वाचायला लावायची. मी अडखळलो की थांबायची, मी कंटाळलो की म्हणायची, "मागीर कितें जालें?" सावकाराचा माणूस श्यामच्या घरी येऊन अपमान करतो, ते मी वाचलं त्या रात्री मात्र तिने काही विचारलं नाही. उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालचें परत वाच." आमचं घर भाटकाराच्या जमिनीत होतं. ती का उठून गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण कागदावरची अक्षरं माणसाला उठवून आत पाठवू शकतात, हे मी त्याच रात्री शिकलो.

आता कोणी म्हणेल, ही भाषा आजच्या मुलांना कळत नाही. आम्हाला तरी 'पांडवप्रताप'मधला शब्द न् शब्द कुठे कळत होता? वाचणाऱ्याच्या आवाजावरून अर्थ लागायचा. शिवाय श्यामचं पालगड कोकणातलं. तिथली भातशेती, नारळी-फणस, पत्रावळी, विहिरीवरचं पोहणं हे सगळं पुण्यापेक्षा आपल्याला जवळचं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. या पुस्तकांतल्या काही गोष्टी आज खटकतात. बाईने सोसायचं किती? रडायचं किती? डोक्यावरची मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महारणीला श्याम हात देतो आणि लोक त्याला नावं ठेवतात, हे वाचताना मूल विचारणारच, "का?" त्या 'का'ला भिऊन गुळगुळीत संक्षिप्त आवृत्त्या आणू नयेत. मूल एकटं वाचत असेल तर तो प्रश्न पानातच राहतो. शेजारी आजोबा बसलेले असतील तर त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि आपल्या गावातही काय चालत होतं, ते कबूल करावं लागतं. एकत्र वाचण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा, आणि आपण ते टाळतो त्याचं कारणही कदाचित हेच असेल.

पुस्तकं कुठून आणायची, ही सबब आज चालणार नाही. 'श्यामची आई' कुठल्याही दुकानात मिळते. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले. आपल्या सत्तरीतल्या आंबेड्याचे पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी 'मुलांचा संस्कृतिकोश' करून ठेवला. आपल्यापैकी किती घरांत तो आहे, ज्याने त्याने आपल्या मनाशी सांगावं.

माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. मराठी वाचताना तो दर ओळीला ठेचकाळतो, म्हणून वाचतो मी. जेवणानंतर वीस मिनिटं, टीव्ही बंद. पहिल्या रात्री तो निम्म्यात झोपला. तिसऱ्या रात्री जागा राहिला. वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यातले शब्द मी आठवणीने भरतो. परवा मी एक वाक्य असंच जुळवून दिलं, तर त्याने पुस्तक माझ्या हातातून ओढलं, फाटक्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाला, "हें हांगा ना. तुवें घाललें."

नवी प्रत आणायची का, असं मुलगा विचारत होता. आणू. पण पेटी आता माळ्यावर जाणार नाही.