शरीराचे घड्याळ आणि शाळेचे वेळापत्रक

लैंगिक शिक्षण नववीपासून नव्हे, तर त्याहून लहान वयापासून द्यायला हवे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोंदविले. न्या. संजय कुमार आणि न्या. आलोक अराधे यांच्या खंडपीठापुढे उत्तर प्रदेशातील एका अल्पवयीन मुलाचे प्रकरण होते. त्यात राज्य सरकारने नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमाचा हवाला दिला होता. वयात आल्यानंतर होणारे बदल आणि त्या काळात घ्यावयाची काळजी यांची माहिती मुलांना मिळावी, यासाठी संबंधितांनी पावले उचलावीत, असे न्यायालयाने सुचविले. या मताकडे नैतिकतेच्या वादातील आणखी एक मत म्हणून पाहण्याचे कारण नाही. नववी हे वर्ष उशिराचे आहे की नाही, याचे उत्तर शरीरशास्त्र केव्हाच देऊन बसले आहे.

वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग बालपणीची बरीच वर्षे या बाबतीत जवळजवळ मौन पाळून असतो. ठरावीक टप्प्यावर तो ठेका धरल्यासारखा, थोड्या थोड्या वेळाने एक संप्रेरक स्रवू लागतो. प्रारंभी हे मुख्यतः रात्री, झोपेत घडते. त्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी आपली दोन संप्रेरके रक्तात सोडते. ती मुलींच्या बीजांडकोशांना इस्ट्रोजेन आणि मुलांच्या वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्यास प्रवृत्त करतात. या साखळीतील पहिले संप्रेरक १९७१ मध्ये उलगडले. त्या संशोधनासाठी रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मुलींमध्ये या बदलांची पहिली खूण म्हणजे स्तनांची वाढ. ती साधारणपणे ८ ते १३ वर्षांदरम्यान केव्हाही सुरू होऊ शकते. त्यानंतर उंची झपाट्याने वाढते आणि पहिल्या खुणेनंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे पाळी ही सुरुवात नसून बऱ्याच पुढचा टप्पा आहे. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे, हेही बहुधा स्वाभाविकच असते. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४ वर्षांदरम्यान, वृषणांच्या वाढीने होते. बाहेरून ती कोणाच्या लक्षातही येत नाही. मिसरूड फुटते, आवाज फुटतो, घाटी दिसू लागते, ते नंतर. उंचीची मोठी झेप मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास घेतात, मुले त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले ठेंगणी दिसतात, त्याचे कारण हेच.

या काळात मुलांना छळणाऱ्या बहुतेक शंकांची उत्तरे याच रसायनशास्त्रात आहेत. तारुण्यपिटिका अस्वच्छतेमुळे येत नाहीत. अँड्रोजेन गटातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक कामाला लागतात, म्हणून येतात. अनेक मुलांच्या छातीला या वयात तात्पुरता फुगवटा येतो आणि बहुतेकांचा तो आपोआप ओसरतो. झोपेची वेळ पुढे सरकते, कारण मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. सकाळी न उठणारा मुलगा दरवेळी आळशी असतो असे नाही. भावनांचा वेग वाढतो. त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो.

आता हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. नववीतील विद्यार्थी १४ वर्षांचा असतो. त्या वयापर्यंत बहुतेक मुलींना पाळी येऊन गेलेली असते आणि जवळजवळ सर्व मुलांत बदल सुरू झालेले असतात. ‘एनसीईआरटी’च्या विज्ञानाच्या पुस्तकात पौगंडावस्थेचा धडा अनेक वर्षे आठवीत होता, २०२५ च्या नव्या पुस्तकात तो सातवीत आला. पाऊल योग्य दिशेने पडले आहे. पण सातवीही बाराव्या वर्षाची. आठव्या-नवव्या वर्षी बदल सुरू होणारी मुलगी तेव्हा तिसरी-चौथीत असते. तिला धडा मिळेपर्यंत तिची परीक्षा उरकलेली असते.

या दिरंगाईचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. त्यासाठी त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती. पुढे २००७ मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला ज्या राज्यांनी शाळांचे दरवाजे बंद केले, त्यांत महाराष्ट्रही होता. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेतील लैंगिक शिक्षणाच्या विरोधात कौल दिला. या विरोधामागची भीती पालकांच्या दृष्टीने खोटी नव्हती: माहिती दिली की मुले वाहावतील, ही ती भीती. परंतु संप्रेरके शासननिर्णयाची वाट पाहत नाहीत. धडा वगळल्याने फक्त शिकविणारा बदलतो. शिक्षकाची जागा वर्गमित्र, भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती आणि आता हातातला मोबाइल घेतो.

भाषेतही या उणिवेचे ठसे आहेत. मुलीसाठी मराठीत न्हाण येणे, शहाणी होणे असे शब्दप्रयोग आहेत. त्यांत घटना सांगितली जाते, प्रक्रिया नाही. मुलाच्या वाट्याला तेवढेही येत नाही. झोपेत वीर्यस्खलन होणे ही या वयातील सामान्य शारीरिक घटना आहे. तिला रूढ शब्द मात्र ‘स्वप्नदोष’. निसर्गनियमालाच दोष म्हटल्यावर त्यावरचे ‘औषध’ विकणाऱ्यांचा धंदा न चालला तरच नवल.

अज्ञानाची किंमत केवळ संकोचापुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. वाढीच्या वेगाने आणि पाळीच्या रक्तस्रावाने लोहाची गरज नेमकी याच वयात वाढते, हे घरात ठाऊक असेल तर ताटात फरक पडू शकतो. मुलीत आठ वर्षांपूर्वी किंवा मुलात नऊ वर्षांपूर्वी बदल दिसू लागले, अथवा मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच दिसले नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेही पालकांना माहीत असायला हवे. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढे १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. शरीराविषयी आणि कायद्याविषयी ज्याला कोणी अक्षरही सांगितले नाही, त्या मुलालाही याच कायद्यापुढे उभे राहावे लागू शकते.

उपाय खर्चिक नाही. चौथी-पाचवीत शरीरातील बदलांची साधी ओळख, सहावी-सातवीत संप्रेरके, पाळी आणि आहार, आठवीनंतर संमती, जबाबदारी आणि कायदा, अशी चढती मांडणी करता येईल. त्यासाठी न अडखळता बोलू शकणारे प्रशिक्षित शिक्षक हवेत आणि पालकांना आधी विश्वासात घेणारी बैठक हवी. मुले आणि मुली यांना दोघांच्याही शरीरांची माहिती मिळायला हवी, कारण चिडवणे अज्ञानातूनच जन्मते. शरीराचे घड्याळ मागे करता येत नाही. शाळेचे वेळापत्रक मात्र माणसांनीच आखलेले आहे.