कारखान्याने लिहावे, आणि मराठीत लिहावे

वज्रेश्वरीहून अंबाडी नाक्याला आले की एक रस्ता भिवंडीकडे जातो आणि एक वाड्याकडे. भिवंडीच्या अंगाला यंत्रमाग, सायझिंग, गोदामे; वाड्याच्या अंगाला कुडूसच्या आसपासचे कारखाने. अशा पट्ट्यात मोठ्या शेडांच्या आधाराने लहान उद्योगही जगत असतात: मागाचे सुटे भाग बनवणारे, पंप बसवणारे, गिअर कापणारे, बॉयलर सांभाळणारे. या मंडळींकडे जे ज्ञान आहे ते पुस्तकांत नाही, आणि इंटरनेटवर मराठीत तर जवळजवळ नाहीच. त्यांनी ते लिहावे, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावे, असे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे. त्यावर येणारे आक्षेप ठरलेले आहेत. ते मला मान्य नाहीत, आणि का नाहीत हे एकदा सविस्तर मांडणे आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप असा की लेखन वगैरे मोठ्या कंपन्यांना शोभते; आम्ही आठ-दहा माणसांचे, आधी धंदा वाढू दे. या म्हणण्यात क्रम उलटा लागला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपायलाही दोनेक वर्षे गेली. वस्तू उत्तम असून भागत नाही, ती का आणि कशी वापरायची हे गिऱ्हाइकाच्या मनात उतरावे लागते, याचा याहून रोकडा पुरावा दुसरा कोणता हवा? १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या, यंत्रांच्या आणि मालाच्या बातम्या देणारे ते छोटे नियतकालिक होते. शंकरराव मुळात चित्रकार. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून दूर, रेल्वेच्या एका लहान ठाण्याजवळ बसून त्यांनी हा उद्योग आरंभला. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मासिकांचे जे स्थान आहे त्याचे मूळ नांगर आणि पंप विकणाऱ्या कारखान्याच्या वार्तापत्रात आहे, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही. अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढले आणि ते अजून चालू आहे. शंकररावांना कागद, छपाई आणि टपाल हा खर्च प्रत्येक प्रतीमागे सोसावा लागे. आज तो जवळजवळ शून्यावर आला आहे. तेव्हा ‘आम्ही लहान आहोत’ हे कारण १९२० साली कदाचित चालले असते. आज ते अजिबात चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी दिसतो. ‘आमचे सगळे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहे, फोटो पाठवला की काम होते.’ होते, हे मी मान्य करतो. बिघडलेल्या भागाचा फोटो पाठवायला त्याहून सोयीचे साधन नाही. पण त्या संभाषणात दिलेले उत्तर एकाच माणसाला मिळते आणि दोन दिवसांत खाली सरकून जाते. तोच प्रश्न पुढच्या महिन्यात दुसरा विचारतो आणि मालक तेच पुन्हा बोलून दाखवतो. शिवाय ती जागा आपली नसते. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि टिकटॉकवर जून २०२० मध्ये एका सरकारी आदेशाने भारतात बंदी आली. टिकटॉकवर ज्यांनी आपला धंदा मांडला होता त्यांना आपलेच काम उचलून न्यायला फारसा अवधी मिळाला नाही. स्वतःच्या नावाचा डोमेन वर्षाला फारच थोड्या पैशांत मिळतो. देवनागरीतला ‘.भारत’ हा डोमेनही २०१४ पासून उपलब्ध आहे, पण त्यावरचा ईमेल पत्ता सगळीकडे स्वीकारला जातोच असे नाही, म्हणून धंद्यासाठी साधा ‘.इन’ घ्यावा असे माझे मत. डोमेनची नोंद मालकाच्या किंवा कंपनीच्याच नावावर हवी, ती करून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. ही एक बाब सांभाळली तर पुढे लेख ठेवण्याचे ठिकाण कितीही वेळा बदलले तरी पत्ता आपलाच राहतो.

मग येतो तो आक्षेप ज्याचा मला सर्वांत राग आहे, कारण तो उद्योजकांच्या मनात विक्रेत्यांनी पेरलेला आहे: ‘त्यासाठी आधी बरीच साधने घ्यावी लागतात.’ मांडणीसाठी एक, शोधात वर येण्यासाठी दुसरे, वेळापत्रकासाठी तिसरे, चित्रांसाठी चौथे, आणि प्रत्येकाची मासिक वर्गणी. साधनांची यादी तयार होते, पहिला लेख मात्र तयार होत नाही. खरे पाहता लागते ते थोडे आहे आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. वर्डप्रेस २००३ पासून मुक्त परवान्याखाली मिळते. ज्याला तेही जड वाटते त्याच्यासाठी ह्यूगो किंवा जेकिलसारखी साधने साध्या मजकुराच्या फायलींतून थेट पाने तयार करतात. तिथे बिघडण्यासारखे, घुसखोरी होण्यासारखे भाग फारच कमी असतात. आकृत्यांसाठी इंकस्केप, सुट्या भागांच्या रेखाटनासाठी फ्रीकॅड. गूगलचे सर्च कन्सोल लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले ते फुकट दाखवते, आणि पुढचा लेख कशावर लिहायचा हे त्या शब्दांतून कळते. छायाचित्राला तर मोबाइल पुरतो. फक्त झिजलेल्या भागाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढावा, म्हणजे माप दिसते.

साधनांच्या बाबतीत काटेकोर राहायचे तर ते अक्षरांच्या बाबतीत राहावे. आपल्याकडे छापखाने आणि डीटीपीवाले यांच्याकडून येणारा मजकूर अजूनही अनेकदा जुन्या फाँटांत असतो. त्यात पडद्यावर ‘धोटा’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतीच रोमन अक्षरे असतात. असा मजकूर शोधात कधीच सापडत नाही आणि फाँट नसलेल्या यंत्रावर वाचताही येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हा माहितीपत्रक करून देणाऱ्याकडे युनिकोडचाच आग्रह धरावा. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते ‘अ’ आणि चंद्र जोडून लिहीत, आणि दोन्ही पद्धती आजही चालू आहेत. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी आहेत. एका संस्थेने एकच पद्धत पाळावी. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद पानाच्या कोडमध्ये करावी, म्हणजे ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांत ते उमटतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ही वळणे ठरवून दिली आहेत. या गोष्टींना एक पैसाही पडत नाही, आणि वर्गणी घेणारे विक्रेते नेमक्या याच सांगत नाहीत.

‘पण तांत्रिक विषय इंग्रजीतच मांडता येतो,’ असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की माग बंद पडल्यावर तो दुरुस्त करणारा जॉबर आणि मालक कोणत्या भाषेत बोलतात? मराठीत, हिंदीत, आणि त्या बोलण्यात बीम, रीड, पिक, बॉबिन हे शब्द सहज मिसळलेले असतात. तेच शब्द देवनागरीत लिहावेत. इंपेलरला संस्कृतातून शब्द घडवण्याचे कारण नाही आणि रोमन लिपीत पळण्याचेही नाही. तांत्रिक मराठी म्हणजे दुकानात बोलली जाणारी मराठी, नीट वाक्यात बसवलेली. लिहिण्याचा कंटाळा असेल तर बोलावे. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकलेखन २०१७ पासून करता येते. फिटरने बोलावे, कुणीतरी शुद्ध करावे, मालकाने आकडे तपासावेत.

हे अधांतरी वाटू नये म्हणून एक विषय पुरता मांडून दाखवतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी इथली तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे सगळ्यांना ठाऊक आहेत. समजा पंप बसवणाऱ्या माणसाला कुणी विचारले की गार पाण्यावर सुरळीत चालणारा पंप गरम पाण्यावर का खडखडतो? समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला साधारण १०.३ मीटर उचलू शकतो. घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती राहतात. आता पाणी ५० अंशांचे असेल तर त्याच्या वाफेचाच दाब यातले सुमारे सव्वा मीटर खातो. ८० अंशांचे असेल, जसे सायझिंगच्या किंवा बॉयलरच्या टाकीत असते, तर जवळजवळ पाच मीटर जातात आणि खालून पाणी ओढण्याची बातच उरत नाही. पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळते, बुडबुडे पुढे जाऊन फुटतात, आत खडी पडल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत इंपेलरला खड्डे पडतात. गिऱ्हाईक म्हणते पंप खराब दिला. उपाय पंप बदलण्यात नाही. पंप टाकीच्या पातळीखाली बसवावा, सक्शनचा पाइप आखूड आणि रुंद ठेवावा, त्यावर नको ते बेंड घालू नयेत. एवढ्या मजकुराला एक आकृती आणि खड्डे पडलेल्या इंपेलरचा एक फोटो जोडला की लेख झाला. तो वाचणारा सायझिंगवाला पुढचा पंप कुणाकडून घेईल, हे मी सांगायला नको. जाहिरातीतले ‘दर्जा आणि विश्वास’ हे शब्द जे करू शकत नाहीत ते हा एक परिच्छेद करतो.

आता अलीकडचा आक्षेप. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ‘ते लिहून देते, आम्ही कशाला लिहू’ हे म्हणणे सुरू झाले. ते जे लिहून देते ते सगळीकडचे सरासरी ज्ञान असते. तुमच्या मागाची कोणती फ्रेम किती वर्षांनी हलते, या भागातल्या पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत किती थर धरतो, पावसाळ्यात कोणत्या धाग्याची तूट वाढते, हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ते आत्मविश्वासाने आकडा देते. तांत्रिक लेखनात चुकीचा आकडा माणसाचा हात घेऊ शकतो. शुद्धलेखन तपासायला, बोललेल्याचे परिच्छेद पाडायला ते जरूर वापरावे. पण त्याने दिलेला एकही दाब, एकही माप, एकही तापमान हाताने पडताळल्याशिवाय छापू नये. शिवाय सगळ्यांनी तेच यंत्र विचारून लिहिले तर सगळ्यांची पाने एकसारखी होतील, आणि मग गिऱ्हाइकाने तुमचेच का वाचावे?

राहिला गुपितांचा प्रश्न. या एका आक्षेपात मला तथ्य दिसते, म्हणून तो मी झटकून टाकणार नाही. पेटंट घेण्याजोगी सुधारणा अर्जाआधी जाहीर केली तर १९७० च्या पेटंट कायद्याखाली तिचे नावीन्य जाते. मोजके अपवाद सोडले तर ते परत मिळत नाही. नव्या आकाराच्या डिझाइनचेही तसेच. म्हणून आधी अर्ज, मग लेख. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली ड्रॉइंग, त्याच्या शेडचे फोटो, त्याचे दर हे त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही जाता कामा नयेत. पण याच्या आड लपून जे सांगितले जात नाही ते बहुतेक गुपित नसतेच. बेअरिंग वेळेआधी का जाते, बेल्ट एका बाजूला का सरकतो, धोटा का उडतो, हे शेजारच्या शेडलाही ठाऊक असते. जो ते आधी आणि स्पष्ट लिहितो तो त्या विषयाचा जाणकार म्हणून ओळखला जातो. गप्प बसणाऱ्याला गुपित राखल्याचा काडीचाही फायदा होत नाही.

सुरुवात कशी करावी असे विचारणाऱ्याला मी साधने सांगत नाही, एक वही सांगतो. गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत त्यात उतरवावेत. एका प्रश्नाला एक लेख. शीर्षक म्हणजे तो प्रश्नच, कारण शोधणारा नेमके तेच शब्द टाकतो. लेखावर तारीख हवी, आणि यंत्र बदलले की लेखही सुधारून सुधारणेची तारीख खाली लिहावी. मूळ मजकुराची साधी फाइल आपल्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी. आणि लेखाखाली फक्त कंपनीचे नाव टाकू नये. ज्या फिटरने, ज्या जॉबरने ते उत्तर दिले, त्याची संमती असेल तर त्याचे नाव तिथे छापलेच पाहिजे. यंत्रमागाच्या धंद्यात शंभर वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या हातांनी माग चालते राहिले त्यांचे ज्ञान त्यांच्या नावाने कुठेच नोंदलेले नाही, आणि ती नोंद करायला आता खर्चाची सबब उरलेली नाही.