पाठीवर सॅक, सोबत मित्र

मराठवाड्यातला माणूस बँकॉकला जातो तो बहुधा टूर कंपनीची टोपी घालून. बस, भारतीय थाळी, खरेदी, पुन्हा बस. या अंकात नांदेड-लातूरच्या दोन मित्रांचा लेख आहे. त्यांनी पाठीवर सॅक टाकून, हॉस्टेलमधल्या खाटेवर झोपून ते शहर पाहिलं.

चाओ फ्राया नदीतल्या बोटी, खाओ सान रस्त्यावरचा रात्रीचा गोंगाट हे लेखात येतंच. आम्ही रेंगाळलो ते फाहुरातपाशी. कापडाच्या या बाजारात सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, तिथे लंगर चालतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला, त्या नांदेडात वाढलेल्या पोराला पंगतीत बसायला कोण शिकवणार? लातूरकराचा दावा असा, की सोळा रस्ते मिळणाऱ्या गंजगोलाईत जो फिरला तो कुठल्याच बाजारात चुकत नाही. मित्राला हे अजिबात मान्य नाही. त्यांचं भांडण लेखातच वाचावं.

अमृतसरहून ‘सचखंड एक्स्प्रेस’ने सॅक घेऊन उतरणारी पोरं नांदेडला नवी नाहीत. आपली पोरं तशी क्वचितच निघतात. ‘पूर्वरंग’मधून पु. ल. देशपांड्यांनी आग्नेय आशिया मराठी घरात आणला, त्याला साठ वर्षं होऊन गेली. त्यानंतरची आपली बरीच प्रवासवर्णनं हॉटेलच्या खिडकीतून लिहिलेली वाटतात.

तुम्ही असे फिरला असाल तर लिहून पाठवा. खर्च मोकळेपणानं सांगा, भांडणं लपवू नका. आणि फोटो कमी पाठवा.