गुप्ततेची मुदत

गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणाऱ्या लष्करी हेलिकॉप्टरांची घरघर नाशिककरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, मान वर करून पाहण्याची तसदीही आता कोणी घेत नाही. १ मार्च २०१९ रोजी मात्र या शहराने स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना गोदाकाठी अखेरचा निरोप दिला. त्याच रात्री विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानातून परतले. देशाचे डोळे तिकडे लागले, यात नवल नव्हते.

बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीस, सीमेवर विमाने झुंजत असता श्रीनगरहून उडालेले एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामला कोसळले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. हा घाव शत्रूचा नव्हता. आपल्याच क्षेपणास्त्राचा होता. वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याची स्वच्छ कबुली दिली, ती ४ ऑक्टोबरला. त्यांच्या प्रांजलपणाविषयी आम्हास आदरच आहे. पण मधल्या सात महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती.

युद्धकाळी गुप्तता नको, असे कोण म्हणेल? हेलिकॉप्टर मंदगती, सखल उडणारे; त्याचा मार्ग फुटला की वैमानिकांचे प्राण गेलेच. शत्रूच्या मुलखात उतरलेल्या वैमानिकाचा शोध चालू असता तर एक शब्दही घातक ठरतो. कारगिल युद्धात २७ मे १९९९ रोजी नचिकेता यांना विमानातून उडी घ्यावी लागली. त्यांचा ठावठिकाणा घेण्यासाठी मागे राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा स्वतःच प्राणास मुकले. अशा घटकेस आम्हीही आमची लेखणी म्यान करू.

परंतु मृतांची गणती झाली, पार्थिवे घरोघर पोचली, त्यानंतर गुप्तता कोणापासून? एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील ओलिसांच्या सुटकेसाठी अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरे अत्यंत गुप्तपणे धाडली. वाळवंटात मोहीम फसली. परतताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळून आठ जण मेले. दुसऱ्याच सकाळी अध्यक्ष कार्टर यांनी देशापुढे येऊन सारी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. वर्ष निवडणुकीचे होते आणि ती ते हरले, हे खरे. पण पुढे त्या अपयशाची उघड चिकित्सा झाली आणि तीतूनच अमेरिकेच्या विशेष दलांची घडी नव्याने बसली.

आम्ही एकेकाळी शिक्षक होतो. चुकलेले गणित घाईने खोडणारा मुलगा पुढच्या पानावर तीच चूक करताना आम्ही कितीदा तरी पाहिला आहे. बडगामला स्वकीय हेलिकॉप्टर ओळखण्यात चूक कशी झाली, याचे उत्तर गांधीनगरला आज उड्डाण शिकणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांस सर्वांआधी हवे. म्हणून अशा प्रत्येक हानीचा निष्कर्ष, तांत्रिक गुपिते वगळून, ठराविक मुदतीत संसदेपुढे ठेवण्याचा दंडक सरकारने घालावा. आणि ही मुदत महिन्यांची नव्हे, आठवड्यांची असावी.