चूक इंग्रजीची, नियम मराठीचा

मराठी शिकविणाऱ्या माणसाला इंग्रजीतल्या शंका विचारणे म्हणजे सुताराकडे भांडी कल्हईला देणे, असे आमच्या घरचे मत आहे. तरीही या सदराकडे इंग्रजीविषयीची पत्रे येतच असतात. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांतल्या चार शंका आज वाचकांच्या पानात वाढतो.

एका बँकेतले कारकून विचारतात, "मसुद्यात 'डिस्कस अबाउट' लिहिले की साहेब 'अबाउट'वर काट मारतात. का?" साहेबांचे बरोबर आहे. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो. तो 'विषयी' आपल्या नकळत इंग्रजीत शिरतो. 'डिस्कस'ला मध्यस्थ लागत नाही. 'डिस्कस द मॅटर' एवढे पुरे. 'डिस्कशन' हे नाम आले, तर मात्र 'अबाउट' चालतो. लग्नाचेही तसेच. आपण कुणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ' लिहून जातो. इंग्रजीत ते 'मॅरीड टू' असते.

कॉलेजातली एक विद्यार्थिनी 'अ' आणि 'द' यांनी गांजली आहे. तिने आजीच्या गोष्टी आठवाव्यात. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." राजा प्रथम आला तेव्हा 'एक', ओळख झाल्यावर 'त्या'. पहिल्या जागी इंग्रजीत 'अ', दुसऱ्या जागी 'द'. 'द'चे सगळेच लहरी वागणे यात बसत नाही, पण बरेचसे बसते. 'अ' की 'ॲन', हा निवाडा मात्र डोळ्याने नव्हे, कानाने करावा. 'अवर'मधला 'एच' मुका, म्हणून 'ॲन अवर'; 'युनिव्हर्सिटी'चा आरंभ 'य'च्या उच्चाराने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'.

सातवीतला एक चिरंजीव रागावून लिहितो, "कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये 'बी' कशाला घातला?" बाळ, हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढे पंडितांना त्याचे लॅटिन मूळ 'डेबिटम' आठवले आणि त्यांनी तो स्पेलिंगात बसविला. लोकांच्या जिभेने काही तो मानला नाही. लॅटिनचे हे कर्ज शाळकरी मुले अजून फेडीत आहेत!

शेवटचे पत्र एका गृहिणीचे आहे. "मुलाच्या शाळेत पालकसभेला बाईंविषयी बोलताना मी 'आय हॅव मेट हर यस्टरडे' म्हणाले. मुलाने चारचौघांत माझी चूक काढली. तेव्हापासून मी इंग्रजी बोलणेच सोडले आहे. माझे काय चुकले?"

बाई, आपण मराठीचा नियम इमानाने पाळलात, एवढेच. "मी त्यांना कालच भेटले आहे" हे मराठीत अगदी निर्दोष आहे. इंग्रजीतले 'हॅव मेट' हे रूप मात्र झाल्या गोष्टीचा धागा आजच्या क्षणाशी जोडते. 'यस्टरडे' म्हटले की तो दिवस संपला, धागा तुटला. म्हणून केव्हा भेटलात ते सांगायचे असेल, तर 'आय मेट हर यस्टरडे'. नुसती भेट झालेली आहे एवढेच सांगायचे असेल, तर 'आय हॅव मेट हर'.

आता दोन शब्द चिरंजीवांसाठी. आईची चूक सुधारावी, पण घरी, आणि कारणासह. तिची चूक अडाण्याची नव्हे. दोन भाषा मनात बाळगणाऱ्याचीच अशी चूक होते. आणि बाई, पुढच्या पालकसभेला आपण जरूर जा, आणि बोला. एखादे क्रियापद चुकले, तर ते सुधारता येते. आईने बोलणेच सोडले, तर मुलाच्या वतीने तिथे बोलायचे कुणी?