तांबड्या शाईचा न्याय

अमरावती-अकोल्याकडील इंग्रजी निबंधांच्या वह्यांत काळ चुकलेला दिसला, की विद्यार्थी निष्काळजी असा निकाल देऊन पुष्कळ शिक्षक मोकळे होतात. हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर निवर्तलेल्या गाडगेबाबांविषयी मुलगा 'बाबा केम टु द व्हिलेज अँड टेक्स अ ब्रूम' असे लिहितो. कारण घरी त्याने 'बाबा गावात आले, पाहतात तो घाणच घाण. लगेच खराटा हाती घेतात' अशीच कथा ऐकलेली असते. मराठीत भूतकाळातून वर्तमानकाळात असे शिरणे हा दोष नव्हे. कथनाचा जीवच तो! इंग्रजही गतगोष्ट वर्तमानकाळात सांगतो. पण एकदा धरलेला काळ कारणावाचून सोडीत नाही. तीच गत परोक्त वाक्याची. 'पाटील म्हणाले की मी जातो' यात आमचे 'जातो' ढळत नाही. इंग्रजीत मात्र तेथे 'ही वॉज गोइंग' करावे लागते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. तरी इंग्रजीच्या तासास मराठी व्याकरणाचे नाव काढणे आमच्या पंडितांस अजून कमीपणाचे वाटते. ही दोन्ही वळणे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखविल्यावाचून मुलांचे गुण कापण्याचा अधिकार यांना दिला कोणी?